पहिला तास शिकवताना

परिचर्या शिकवायला लागून मला चौदा वर्षे होत आली. त्याआधी पाच वर्षे मी अधिपरिचारिका म्हणून वॉर्डात होते आणि त्यांतली सुरुवातीची दोन वर्षे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात गेली. जळीत रुग्णाची शुश्रूषा व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या, म्हणजे डोळ्यांवर चढवलेल्या यंत्रातून दिसणाऱ्या आभासी रुग्णाच्या साहाय्याने शिकवण्याचा प्रयोग आमच्या प्रशिक्षण केंद्रात गेल्या पावसाळ्यात आम्ही पहिल्यांदा केला. त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरोबरीच्या पाठ्यनिर्देशिकांनी सुचवले. परंतु मी या यंत्राकडे एवढ्या आशेने का पाहते हे कळायचे असेल, तर आधी त्या ग्रामीण रुग्णालयातली एक रात्र सांगायला हवी.

जानेवारीचा महिना होता. रात्री साडेनऊच्या सुमारास दारात मेटॅडोर थांबला आणि तिशीतल्या एका बाईला वाकळीत गुंडाळून आत आणले गेले. संध्याकाळी चुलीत पऱ्हाट्या सारताना तिच्या नायलॉनच्या साडीच्या निऱ्यांनी पेट घेतला होता. दोन्ही पाय मांड्यांपासून पावलांपर्यंत भाजले होते आणि आग विझवण्याच्या धडपडीत उजवा हात कोपराखाली भाजला होता. घरच्यांनी जखमांवर टूथपेस्ट लावली होती, कुणीतरी वरून शाई ओतली होती. सासू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दिवा लावाच्या वक्ताले झालं जी, गाडीच भेटली नाई." मला हवी असलेली सर्वांत महत्त्वाची माहिती त्या वाक्यात होती आणि मी ती ऐकूनही घेतली नाही.

डॉक्टरांनी रुग्ण तपासून सलाईनचा हिशोब केसपेपरवर लिहून दिला. हा हिशोब आजही बहुतेक ठिकाणी पार्कलँड सूत्राने करतात. अमेरिकेतील डॅलस शहराच्या पार्कलँड रुग्णालयात डॉ. चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६० च्या दशकात ते मांडले. रुग्णाचे किलोतले वजन, भाजलेल्या भागाची टक्केवारी आणि ४ मिलिलिटर यांचा गुणाकार करायचा. तेवढे रिंगर लॅक्टेट नावाचे सलाईन पहिल्या २४ तासांत द्यायचे आणि त्यातले निम्मे पहिल्या ८ तासांत. बाईचे वजन ४५ किलो धरले होते. शरीराच्या नऊ-नऊ टक्क्यांच्या वाटणीनुसार प्रत्येक पाय १८ टक्के, म्हणजे दोन मिळून ३६, आणि हाताचे ४, असे ४० टक्के भरले. एकूण ७२०० मिलिलिटर. पहिल्या ८ तासांत ३६००. मी डाव्या हाताच्या शिरेत इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची बारीक नळी टाकली, बाटली लावली आणि ३६०० ला ८ ने भागून तासाला ४५० चा वेग ठेवला.

हे ८ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे असतात. ती साडेसहाला भाजली होती, म्हणजे ते अडीच वाजता संपणार होते आणि माझ्या हातात पाचच तास होते. वेग तासाला ७२० हवा होता. सूत्र मला पाठ होते, परीक्षेत त्यावर पूर्ण गुण मिळाले होते, तरी मी माझ्या बाटलीची वेळ शून्य धरली. रात्री एक वाजेपर्यंत युरोबॅगमध्ये गडद रंगाची अगदी थोडी लघवी जमली होती. डॉक्टरांनी पुन्हा येऊन हिशोब पाहिला, काही न बोलता दुसरी शीर शोधली आणि दुसरी बाटली स्वतः लावली.

दुसरी चूक सकाळी दिसली. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, ती पहाटे परतली. तोवर परिसेविका आल्या, त्यांनी पायांवरची चादर बाजूला केली आणि पावलांकडे बोट दाखवले. पावले सुजून बोटे एकमेकांना चिकटली होती आणि चांदीची जोडवी मांसात इतकी रुतली होती की वरून केवळ एक पांढरी रेघ दिसत होती. रात्री आल्या आल्या ती साबणाच्या पाण्याने सहज निघाली असती. रुग्णालयात कापायचे साधन नव्हते. बाजारातल्या सोनाराला घरून उठवून आणले आणि त्याने त्याच्या बारीक कातरीने ती कापली. ती बाई वाचली, परंतु डाव्या पायाची दोन बोटे पुढे काढावी लागली. त्यात आगीचा वाटा किती आणि जोडव्यांचा किती, हे कुणीच सांगू शकणार नाही. मला मात्र ती पांढरी रेघ अजून दिसते.

अशी रात्र माझ्या एकटीच्या वाट्याला आलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दर वर्षी १० लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपाची भाजतात. आमच्याकडे गॅसची शेगडी घरोघरी पोचली असली, तरी सिलिंडर पुरवून वापरावा लागतो, म्हणून अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच होते. लग्नसराईत उकळत्या वरणाच्या गंजाजवळ मुले खेळत असतात. रात्रपाळीची वीज आली की शेतकरी ओल्या पायांनी मोटारीच्या पेटीला हात घालतो. यांतला जवळजवळ प्रत्येक रुग्ण आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात येतो आणि तिथे त्याला पहिला हात परिचारिकेचा लागतो. नागपूरचा जळीत कक्ष त्याला काही तासांनी दिसतो.

आणि नेमका हाच पहिला तास आमच्या शिक्षणात कुठेच येत नाही. जीएनएम या परिचर्येच्या पदविकेच्या तीन वर्षांत विद्यार्थिनींची नेमणूक जळीत कक्षात थोडेच दिवस असते, आणि तिथे त्यांना ड्रेसिंगचा ट्रे धरून मागे उभे राहावे लागते. जंतुसंसर्गाच्या भीतीने खाटेभोवती वीस मुलींना गर्दी करू दिली जात नाही, ते योग्यच आहे. शिवाय कक्षात जो रुग्ण दिसतो त्याची सूज, शॉक, श्वास हे सारे कुणीतरी आधीच हाताळलेले असते. म्हणजे आमची मुलगी आयुष्यातला पहिला मोठा जळीत रुग्ण अगदी सुरुवातीच्या अवस्थेत पाहते ती नोकरीला लागल्यावर, बहुधा रात्री आणि बहुधा एकटीने.

खोट्या रुग्णावर सराव करण्याची कल्पना परिचर्येत नवी नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचर्या शाळेसाठी मार्था चेस या बाहुल्या घडवणाऱ्या बाईंनी माणसाच्या आकाराची बाहुली बनवून दिली, ते वर्ष १९११. कृत्रिम श्वासाचा सराव करायची नॉर्वेची ॲन नावाची बाहुली १९६० मधली. आमच्याही कौशल्य प्रयोगशाळेत अशी एक बाहुली आहे. तिच्यावर मुली खाट आवरायला, कॅथेटर घालायला, रुग्णाला कुशीवर वळवायला उत्तम शिकतात. परंतु बाहुली बदलत नाही. तिला भाजून एक तास झाला काय आणि पाच तास झाले काय, तिचा आवाज घोगरा होत नाही आणि बोटे सुजत नाहीत. जळीत रुग्णात तर जे शिकायचे ते सारे या बदलातच आहे.

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीची ओळख मला एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या सिम्युलेशन प्रयोगशाळेतल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत झाली. डोळ्यांवर अर्ध्या किलोच्या आसपासचा हेडसेट, दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर, आणि समोर अपघात विभागाची खोली. मान वळवली की खोली वळते, हात पुढे केला की आपलाच हातमोजा घातलेला हात पुढे जातो. खाटेवर तेलाच्या भडक्यात चेहरा, छाती आणि हात भाजलेला एक पुरुष विव्हळत होता. भिंतीवर घड्याळ होते. मी वॉर्डात आणि वर्गात मिळून इतकी वर्षे काढली होती, तरी माझा हात सरळ ड्रेसिंगच्या ट्रॉलीकडे गेला. हेडसेटमधल्या संगणकीय कार्यक्रमाने मला अडवले नाही, चूकही दाखवली नाही. मी छातीवरचे फोड निरखत होते, गॉझ उचलत होते, आणि घड्याळ पुढे सरकत होते. थोड्या वेळाने त्या माणसाचा आवाज बसला, मग श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिले. नाकातले केस जळलेले होते आणि ओठांच्या कडेला काजळी होती. हे सगळे मी आत आले तेव्हापासून तसेच होते.

हेडसेट काढल्यावर मी बराच वेळ कुणाशी बोलले नाही. भाजलेली त्वचा इतकी भयंकर दिसते की नजर तिथून हलत नाही, आणि पहिल्या तासात जीव घेणारी गोष्ट क्वचितच त्या त्वचेत असते. ती घशाच्या आतल्या सुजेत असते, रक्तवाहिन्यांतून झिरपून जाणाऱ्या पाण्यात असते, छातीभोवती किंवा पायाभोवती कातड्यासारख्या कडक होत गेलेल्या वेढ्यात असते. जखमेवरून नजर उचलायला शिकणे हा या परिचर्येचा पहिला धडा आहे. तो फळ्यावर लिहून देता येतो, मीही चौदा वर्षे लिहून देत आले. पण नजरेची सवय लिहिण्याने लागत नाही. ती लागायला जखम डोळ्यांसमोर असावी लागते आणि चुकण्याची मुभा असावी लागते. खऱ्या रुग्णाजवळ पहिली गोष्ट मिळते, दुसरी मिळता कामा नये.

आमच्या केंद्राने काही आठवड्यांसाठी एक हेडसेट उसना आणला. वीस मुली आणि हेडसेट एक. पहिल्या दिवशी अडचणी आल्या त्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत. गणवेशाच्या शिस्तीप्रमाणे मुली अंबाडा घालतात. त्यावर मागचा पट्टा बसेना, म्हणून त्या तासापुरती वेणी घालण्याची परवानगी अधिसेविकांकडून घ्यावी लागली. चष्मा असलेल्या मुलींना काचा टेकत होत्या. दोघींना घेरी आली, तेव्हापासून आम्ही बसवूनच सराव घेतो आणि कुणालाही सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ हेडसेट घालू देत नाही. वीज गेली तरी अडू नये म्हणून संगणक जोडावा न लागणारा हेडसेट मागितला होता, आणि भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर मात्र इन्व्हर्टरवर घ्यावा लागला. जिच्या डोळ्यांवर हेडसेट आहे तिला काय दिसते ते बाकीच्या एकोणीस जणी भिंतीवर पाहत. त्यांनी बोलायचे नाही, दर मिनिटाला काय घडले ते कागदावर लिहायचे, असा नियम केला. बारा मिनिटांच्या सरावानंतर अर्धा तास चर्चा होई, आणि मला विचाराल तर शिकणे त्या अर्ध्या तासात होते; हेडसेट हे त्या चर्चेला विषय पुरवण्याचे साधन आहे. यंत्र विकत घेऊन ही चर्चा गाळणाऱ्या संस्थेने पैसे वाया घालवले, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

लेखी परीक्षेत नेहमी पहिली येणारी एक विद्यार्थिनी खाटेसमोर तीन मिनिटे नुसती उभी राहिली. तिला टक्केवारी तोंडपाठ होती, तान्ह्या मुलाचे डोके १८ टक्के आणि पाय १४ टक्के धरायचा हा फरकही ती झोपेत सांगेल. नंतर ती म्हणाली, "मॅडम, तो ओरडत होता ना, मला आकडेच आठवेनात." तिसऱ्या खेपेला तिने आत जाताच रुग्णाला नाव विचारले. उत्तर देताना त्याचा आवाज कसा येतो ते तिने कान देऊन ऐकले, आणि लगेच विचारले, किती वाजता भाजलात? मी वर्गाच्या मागच्या बाजूला उभी होते. ते दोन प्रश्न त्या क्रमाने ऐकताना मला जे वाटले ते इथे लिहिणे कठीण आहे.

सलाईनच्या वेगाचा सराव या कार्यक्रमात विशेष चांगला आहे, कारण लघवीची पिशवी खरोखर भरते किंवा रिकामी राहते. सूत्राने मिळतो तो आकडा सुरुवातीचा असतो. प्रौढ रुग्णाला तासाला किलोमागे सुमारे अर्धा मिलिलिटर लघवी होते का, लहान मुलाला सुमारे १ मिलिलिटर होते का, हे पाहून वेग बदलायचा असतो. अमेरिकेतील जळीत प्रशिक्षणात आता भाजलेल्या प्रौढांसाठी ४ ऐवजी २ मिलिलिटरपासून सुरुवात करायला शिकवतात, कारण जादा सलाईनने फुप्फुसात आणि पोटात पाणी साठून नवा धोका उभा राहतो. मात्र घड्याळ भाजल्या क्षणापासून लावायचे, ही गोष्ट दोन्ही पद्धतींत सारखीच आहे. करंट लागलेल्या रुग्णाचा हिशोब तर टक्क्यांत मावतच नाही. तळहातावर रुपयाएवढा डाग असतो आणि आतले स्नायू खांद्यापर्यंत शिजलेले असतात. लघवी काळसर लाल होते, आणि मूत्रपिंड वाचवण्यासाठी प्रौढांत ती तासाला ७५ ते १०० मिलिलिटर ठेवावी लागते. हा शेतातल्या मोटारीवरचा रुग्ण आमच्याकडे नेहमीचा असूनही त्या कार्यक्रमात नव्हता.

इथून माझ्या तक्रारी सुरू होतात, आणि त्या गंभीर आहेत. त्या आभासी रुग्णाची कातडी गोरी होती. वरवर भाजलेला भाग लालबुंद दिसतो हे त्याच्यावर छान कळते. आमच्या सावळ्या आणि काळ्या कातडीवर ती लाली जवळजवळ दिसत नाही. तिथे दाबल्यावर रंग परततो का, स्पर्श कळतो का, भाग ओलसर आहे की कोरडा, यावरून खोली ठरवावी लागते, आणि हे सारे बोटांना कळते, कंट्रोलरला नाही. तो रुग्ण इंग्रजी बोलत होता. त्याच्याजवळ नातेवाईक नव्हते, तर आमच्या अपघात विभागात एका रुग्णामागे सात-आठ माणसे येतात. त्याच्या जखमांवर टूथपेस्ट, शाई, शेण यांतले काहीच नव्हते. त्याच्या बोटात अंगठी होती आणि ती काढायची आठवणही कार्यक्रम करून देत होता. परंतु हातभर काचेच्या बांगड्या, गळ्यातली पोत, पायांतली जोडवी काढताना सासू "सवाष्णीच्या अंगावरचं काढू नका व बाई" म्हणून हात धरते, तेव्हा काय बोलायचे, हे त्याच्या कर्त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

वास नसतो, ही सर्वांत मोठी उणीव. जळालेल्या माणसाचा वास पहिल्यांदा येतो तेव्हा भल्याभल्या मुलींच्या पोटात ढवळते, आणि त्याची तयारी कुठलाही हेडसेट करून देणार नाही. शीर शोधणे, फुगलेल्या हातावर इंट्राकॅथ टिकवणे, भाजलेल्या बोटांच्या मध्ये सुटी गॉझ ठेवून पट्टी बांधणे, हात-पाय आखडू नयेत म्हणून ते योग्य स्थितीत ठेवणे, ही कामे बाहुलीवर आणि मग ज्येष्ठ परिचारिकेच्या देखरेखीखाली रुग्णावरच शिकावी लागतील. या यंत्रामुळे जळीत कक्षातली नेमणूक कमी करण्याचा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर मी त्याला ठाम विरोध करीन.

आणखी एक गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. चौथ्या दिवशी एका मुलीने दोन मिनिटांत हेडसेट काढला आणि ती बाहेर जाऊन व्हरांड्यात बसली. तिची आत्या जळून गेली होती, आणि स्टोव्हचा भडका उडाला असे घरात सांगतात, पुढे कुणी बोलत नाही. विदर्भातल्या कुठल्याही वर्गात अशी मुलगी असणार. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला भर रस्त्यात पेट्रोल टाकून जाळलेल्या तरुण प्राध्यापिकेची बातमी याच मुलींनी शाळेत असताना ऐकलेली आहे. आता सराव सुरू करण्याआधी मी प्रत्येकीशी एकटीने बोलते आणि जिला नको तिला भिंतीवरच्या चित्राचाही आग्रह करत नाही. त्याच वेळी मला असेही वाटते की जळालेली बाई सासरच्या माणसांसमोर एक सांगते आणि एकटी असताना दुसरे सांगते, हा प्रसंग सरावात असायलाच हवा. नातेवाइकांना बाहेर थांबवणे, रुग्णाचे शब्द जसेच्या तसे वेळेसह लिहून ठेवणे आणि मृत्युपूर्व जबाबासाठी डॉक्टरांना व पोलिसांना लगेच कळवणे, हेही पहिल्या तासातलेच काम आहे.

हाच हेडसेट रुग्णाच्याही डोळ्यांवर चढू शकतो, हे ऐकून मुलींना फार नवल वाटले. सिॲटलच्या हार्बरव्ह्यू जळीत केंद्रात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात त्याची सुरुवात केली. ड्रेसिंग चालू असताना रुग्ण बर्फाच्या दरीतून फिरतो, बर्फाचे गोळे फेकतो, आणि वेदनेकडे द्यायला त्याच्याजवळ लक्षच कमी उरते. वेदनाशामक औषधांची जागा त्याने घेतलेली नाही, ती सोबत द्यावीच लागतात. आमच्या मुलांना बर्फाऐवजी पेंच नदी दाखवली तरी चालेल, असे एक मुलगी म्हणाली, आणि मला ते पटले.

येत्या दिवाळीनंतर आम्ही आमचाच एक पाठ तयार करत आहोत. एका ग्रामीण रुग्णालयाने त्यांचा अपघात विभाग दुपारच्या वेळी चित्रीकरणासाठी द्यायचे कबूल केले आहे. चारही दिशांचे चित्र एकदम घेणारा कॅमेरा एका शिक्षकांकडून मिळाला आहे. त्यात मुलींना वस्तू हाताने उचलता येणार नाहीत, ठरावीक ठिकाणी थांबून पुढे काय करायचे ते निवडावे लागेल. पण खोली आमची असेल, भाषा आमची असेल आणि रुग्ण भाजल्यावर तीन तासांनी मेटॅडोरमधून येईल. सासूचे काम आमच्याच स्वयंपाकघरातल्या मावशी करणार आहेत आणि त्यांचे एक वाक्य मी लिहून दिलेले आहे. जखमा रंगवायला एक विद्यार्थिनी मेण आणि कुंकू घेऊन सराव करते आहे. पाठ तयार झाल्यावर तो केंद्राच्या कपाटात राहू नये, म्हणून हेडसेट महिन्यातून एकदा तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत फिरवावा, ज्या अधिपरिचारिका आज रात्रपाळी करत आहेत त्यांना आधी मिळावा, असा प्रस्ताव मी दिला आहे.

प्रस्तावासोबत साहित्याचे मागणीपत्र जोडायचे असते. त्यात हेडसेटचा अनुक्रमांक दुसरा आहे. पहिल्या ओळीत मी लिहिले आहे : अंगठ्या व जोडवी कापण्याचे कटर, प्रत्येक अपघात विभागासाठी नग एक.